नदी तळाला आणि घरात गुडघाभर पाणी: सांगलीतल्या एका लेआउटचं प्रकरण

जूनचा पहिला आठवडा होता. संध्याकाळी साडेपाचला तासगावच्या बाजूनं आभाळ भरून आलं आणि वळीव सुरू झाला, तास-सव्वा तास नुसता कोसळत होता. साडेसातला फोन आला, "भाऊ, घरात पाणी शिरलंय, तुम्ही जरा येऊन बघा." मी काय केलं, तर गाडीची किल्ली घ्यायच्या आधी मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते शोधलं. सांगलीत सगळ्यांना हीच सवय झालीय. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. पण जूनच्या सुरुवातीला नदी तळाला असते, तशीच तेव्हाही होती. पूर येणं शक्यच नव्हतं.

गेलो तर खालच्या दोन गल्ल्यांत गुडघाभर पाणी, 22 घरांत शिरलेलं. फोन केलेल्या मावशी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभ्या होत्या, हातात इन्व्हर्टरची बॅटरी धरून. शाळा सुरू व्हायची म्हणून नातवाची नवी पुस्तकं खालच्या कपाटात ठेवलेली, ती गेली, वर्षाचे गहू गेले. 2019 च्या महापुरात या घरात थेंब आला नव्हता, 2021 ला पण नाही. म्हणून तर त्या निर्धास्त होत्या, नदीकाठच्या गावभागातली बहीण पुरात यांच्याकडेच राहायला आली होती.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण या लेआउटच्या रस्त्यांच्या लेव्हल, म्हणजे कुठं किती उंच, किती खाली ते आकडे, मीच दिल्या होत्या. मी सिव्हिलचा माणूस, सांगली-मिरजेत लेआउट आखणं, मोजणीला उभं राहणं, रस्ते-गटारीच्या लेव्हल देणं हेच काम. त्यामुळं हे दुसऱ्या कुणाचं प्रकरण म्हणून मला सांगता येत नाही.

जागा अशी. कुपवाडच्या अंगानं शहर जिथं वाढतंय तिथली चार एकर काळी जमीन, एका बाजूनं ओढा. लेआउट व्हायच्या आधी तिथं ऊस आणि कडेला गवत होतं. ओढा वरच्या बाजूला साधारण शंभर-सव्वाशे एकराचं पाणी गोळा करून आणतो, लेआउटच्या कडेनं जातो, पुढं डीपी रोडच्या (विकास आराखड्यातल्या रस्त्याच्या) मोरीतनं, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या वाटेतनं, पार होऊन शेवटी कृष्णेकडं. आम्ही आखणी करत होतो तेव्हा शेजारच्या रानातले आबा येऊन बांधावर बसायचे. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "इंजिनेर, ह्यो वडा हाय, गटार न्हवं. वर्सात दोन-तीनदा ह्यो जागा मागतोय." मी ऐकलं, मान हलवली आणि ऑटो लेव्हल, म्हणजे उंच-सखल मोजायचं यंत्र, पुढच्या खुंटीवर नेली.

नंतर ओढ्याचं जे झालं ते सांगलीतच काय, कुठल्याही वाढत्या गावात होतं तेच झालं. ओढा वर पंधरा फूट रुंद, तळाला सहा फूट, पाच फूट खोल. त्यात दोन फुटी ह्यूम पाइपच्या (काँक्रीटच्या गोल पाइपच्या) दोन ओळी टाकल्या, वरनं मुरूम, आणि त्यावर रस्ता आला. नकाशात तो रस्ता आधीपासून होता, फक्त ओढ्याच्या कडेनं होता, तो ओढ्यावर सरकला आणि दोन प्लॉट जास्तीचे निघाले. जागेच्या मालकाला वाटलं पाइप टाकलेत की, पाणी जाणार. पाइप किती मोठे हे कुणी हिशोब करून ठरवलं नव्हतं. पाइप ज्या मापाचे मिळाले त्या मापाचे टाकले.

आता तो हिशोब मांडतो, कुणालाही वहीवर करता येईल असा. पावसाचं किती पाणी वाहून येणार हे तीन गोष्टींवर ठरतं: किती जोरात पडतोय, किती जागेवर पडतोय आणि त्यातला किती भाग जमिनीत न मुरता पळतो. ऊस-गवत असलेल्या रानातनं शंभरातलं तीस भाग पळतं असं धरा. घरं, डांबरी रस्ते, पेव्हिंग ब्लॉक झाले की तेच साठ-सत्तर-ऐंशी भाग होतं. काळी माती तर एकदा फुगली की पाणी आत घेतच नाही, उन्हाळ्यात तिला भेगा असतात तेव्हा घेते तेवढंच. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला, जो वळवाला सहज होतो, तर 120 एकरातनं पूर्वी सेकंदाला साधारण 2000 लिटर यायचं. आता वरची अर्धीअधिक रानं प्लॉटिंगमध्ये गेलीत, साठ भाग पळतं धरलं तर तेच 4000 लिटर होतं.

जुना ओढा, त्यातलं गवत-झुडपं धरून सुद्धा, पाचशे फुटाला एक फूट उतार असेल तर सेकंदाला 4000 लिटरच्या वर नेऊ शकत होता. म्हणजे ओढा तसाच ठेवला असता तर आजचं वाढलेलं पाणीसुद्धा कसंबसं मावलं असतं! आणि त्याच उताराला दोन फुटी दोन पाइप काठोकाठ भरून वाहिले तरी दोन्ही मिळून 550 लिटर. येणारं पाणी दुप्पट केलं आणि जायची वाट आठव्या हिश्शावर आणली.

पण तेवढ्यावर संपलं नाही. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेव्हल घेऊन गेलो आणि पहिल्यांदाच लेआउटच्या हद्दीबाहेर स्टाफ (उंची वाचायची आकड्यांची पट्टी) उभा केला. आधी मी सगळं काम कुंपणाच्या आत केलं होतं, रस्त्याला उतार बरोबर, गटारीला उतार बरोबर, सगळं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या चेंबरला येतंय, झालं माझं काम. चेंबरमधनं पुढं ते कुठं जातं, हे मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी उलट्या बाजूनं सुरुवात केली, डीपी रोडच्या मोरीच्या तळापासनं वर वर. पाइपाच्या तोंडापासून मोरीपर्यंत 180 मीटर अंतर आणि उतार फक्त चार इंच. मोरीचा तळ गाळानं भरून वर आलेला. पाचशेला एक सोडा, साडेसतराशेला एक सुद्धा धड मिळत नव्हता. मग पाइपातनं 550 पण जात नसणार, 300 च्या आतच. तिथं बांधावर बसून मी तो आकडा तीनदा ताडून बघितला. मला फार वाईट वाटलं, कारण ही लेव्हल घ्यायला तेव्हा अर्धा तास लागला असता.

मग प्रश्न पडला की 2019 आणि 2021 ला इथं पाणी कसं आलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, 2005 चा 53 फुटांच्या वरचा पूर लोक विसरायला लागले होते तो पुन्हा आठवला. 2021 च्या जुलैमध्ये जवळपास 55. गावभाग, गणपती पेठ, मारुती चौक, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, शामरावनगर, सगळीकडं हाहाकार. या पुराचं पाणी सांगलीत पडलेल्या पावसाचं नसतं हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. सांगलीत पाऊस तसा बेताचाच, पाऊस पडतो महाबळेश्वर, कोयना, चांदोलीच्या डोंगरात, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. वारणेला आणि पंचगंगेला पण पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला मागतच नाही, पाण्याला फुगवटा येतो आणि ते दिवसेंदिवस बसून राहतं. तो पूर दोन-तीन दिवस आधी कळतो, धरणाचा विसर्ग जाहीर होतो, लोक सामान वर नेतात. आमच्या ओढ्याच्या पाण्यानं तासाभरात गाठलं, कुणी भोंगा वाजवला नाही.

तर 2019 ला नदीचं पाणी ओढ्यातनं उलटं वर चढत लेआउटच्या सीमेपर्यंत आलं होतं आणि तिथंच थांबलं. रस्ता भरावावर होता म्हणून आत आलं नाही. तेवढ्यावर लोकांनी ठरवलं की आपली जागा सुरक्षित. प्लॉटचे भाव वाढले. आणि इथंच दुसरी चूक झाली, जी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, कारण ती प्रत्येकानं भल्यासाठीच केली.

2019 नंतर ज्यांनी बांधकाम काढलं, त्यांनी अख्खा प्लॉट मुरूम टाकून तीन-साडेतीन फूट वर उचलला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, महापूर डोळ्यांनी बघितलेली माणसं, कर्ज काढून घर बांधतायत, उंच बांधणारच की. पण असे 14 प्लॉट झाले, सरासरी दोन गुंठ्यांचे. 28 गुंठे, एक मीटर भराव. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे 28 लाख लिटर पाणी जिथं तात्पुरतं बसायचं ती जागा भरून टाकली. ते पाणी कुठं जाणार? आधी एक फूट जोत्यावर घरं बांधलेल्या त्या 22 जणांच्या दारात. त्यांची घरं वाटीत बसल्यासारखी झाली. मावशींचं घर त्यातलंच.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ऑफिसात गेलं की यावरच सगळा घोळ होतो. पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांच्या वारंवारितेचा पूर जिथवर येतो तिथवर, नाहीतर नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग जिथवर पसरेल तिथवर, दोन्हीतलं जे मोठं ते. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांच्या वारंवारितेचा पूर. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथं बांधता येतं पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर. पाटबंधारे खात्याचं परिपत्रक 1989 पासून आहे, नवीन एकत्रित बांधकाम नियमावलीत पण हेच आलंय. आता "शंभर वर्षांचा पूर" म्हटलं की लोक म्हणतात 2019 ला येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं. तसं नसतं हो. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, दरवर्षी नव्यानं. वीस वर्षांचं होमलोन घेतलं तर त्या वीस वर्षांत असा पूर एकदा तरी बघायची शक्यता शंभरात 18 होते. आणि पंचवीस वर्षांच्या वारंवारितेच्या पुराची त्याच वीस वर्षांत शंभरात 56. बँकेचा हप्ता फिटायच्या आत अर्ध्याहून जास्त शक्यता.

पण नियम म्हणतो ते राहण्याची पातळी वर हवी. प्लॉट भरा असं कुणी सांगितलेलं नाही. खांबांवर घर उभं करून खालची जागा पार्किंगला मोकळी ठेवली तर तुम्ही पण वर आणि पाण्याला पण जागा राहते. आमच्याकडं भराव स्वस्त पडतो, डंपरवाला पाठीमागंच लागलेला असतो, म्हणून सगळे भराव करतात. वडनेरे समितीनं 2019 च्या पुरावर 2020 मध्ये अहवाल दिला, त्यात पूरक्षेत्रातली अतिक्रमणं आणि घटलेली वहनक्षमता यावर बोट ठेवलंच आहे. तो अहवाल सगळे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणासाठी चाळतात, अलमट्टीवर भांडतात. भांडावं जरूर, पण आपल्या दारातल्या ओढ्याला कर्नाटक जबाबदार नाही.

हरिपूरच्या पेवांची आठवण इथं येते. जमिनीखाली खोदलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, जुन्या माणसांनी माती बघून, पाणी कुठवर येतं बघून जागा निवडल्या होत्या. 2005 ला त्यात पाणी गेलं आणि पेवंच्या पेवं बाद झाली. इतक्या वर्षांचा अंदाज चुकला तो नदीनं जास्त जागा मागितली म्हणून, आणि जास्त का मागितली यात वर-खाली आपण सगळ्यांनी काय काय भरलं याचाही वाटा आहे असं माझं मत आहे.

असो, पुढं काय केलं ते सांगतो. पंधरा दिवसांनी गणपतीच्या छोट्या देवळासमोर मीटिंग घेतली. पहिले दोन तास नुसती भांडणं, खालच्या गल्लीचे वरच्या गल्लीला बोलतायत, वरचे म्हणतायत आम्ही परवानगी घेऊनच बांधलंय. मी माझं सांगून टाकलं, की या लेव्हल माझ्या होत्या आणि मी हद्दीबाहेर बघितलं नाही. त्यानं जरा आवाज खाली आले. मग आम्ही भूमी अभिलेखमधनं जुना गाव नकाशा काढला, त्यात ओढा स्पष्ट होता, सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, म्हणून नोंद पण होती. तो कागद हातात आल्यावर बोलणंच बदललं. जागेच्या मालकानं त्या जास्तीच्या दोन प्लॉटपैकी एक अजून विकला नव्हता, त्यानं तो सोडला. दुसऱ्यावर घर झालेलं होतं, त्या माणसाचा काही दोष नव्हता, तिथं हात लावला नाही, ओढा थोडा वळवून घेतला.

पाइप उकरून काढले आणि ओढा जमेल तिथं बारा फूट रुंदीचा उघडा केला. रस्ता जिथं ओलांडतो तिथं पाइपाऐवजी दहा फूट रुंद, चार फूट उंच काँक्रीटची मोरी बांधली. डीपी रोडच्या मोरीतला गाळ काढून घेतला, त्यासाठी अर्ज, पुन्हा अर्ज, नगरसेवकाकडं चकरा, सगळं आलं. गाळ काढल्यावर उतार पाच इंचांनी वाढला, नुसत्या जेसीबीच्या दोन दिवसांच्या कामानं.

सगळ्यात मनासारखं झालं ते मैदानाचं काम. नियमानं दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, चार एकरात 16 गुंठे. आमची ओपन स्पेस मुरूम टाकून रस्त्याच्या वर उचलून ठेवली होती, त्यामुळं तिथला पाऊससुद्धा रस्त्यावरच यायचा. हिशोब केला. चार एकरावर 50 मिलिमीटर म्हणजे साधारण 8 लाख लिटर. रान असताना त्यातलं 2 लाख 40 हजार बाहेर जायचं, आता घरं-रस्ते धरून 6 लाख 40 हजार जातं. फरक 4 लाख लिटर, दहा हजारी टँकर धरले तर 40 टँकर. हे 4 लाख लिटर आपण आपल्याच हद्दीत दोन-चार तास धरून ठेवले तर खालच्या माणसाला आपल्या लेआउटचा त्रास शेतापेक्षा जास्त होणार नाही. त्याला जागा किती लागते? आठ गुंठे, अर्धा मीटर खोल. म्हणजे निम्मी ओपन स्पेस दीड-पावणेदोन फूट खाली घ्यायची, बस्स. बाजूनं उतार हलका ठेवला, बाहेर पडायला एक छोटाच पाइप, पाणी हळूहळू जाईल असा. पोरं वर्षातले साडेतीनशे दिवस तिथं क्रिकेट खेळतात. सुरुवातीला आया ओरडल्या, मैदानात पाणी साचवणार, डास होणार, डेंगू होणार. त्यांची काळजी खरी होती, म्हणून तळाला उतार देऊन सहा-आठ तासांत पूर्ण रिकामं होईल असंच केलं. मुरमाखालची जी काळी माती निघाली, ती झाडांना वापरली.

पुढच्या पावसाळ्यात दोनदा जोराचा पाऊस झाला. पहिल्या वेळी मी छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभाच होतो. पाणी आलं, घोट्याच्या वर, मग पिंढरीपर्यंत, आणि थांबलं. घरात कुणाच्याच नाही. मावशींनी वरनं हाक मारली, "भाऊ, भिजू नका, चहा ठेवलाय."

अजून दोन गोष्टी राहिल्यात. नदी 45 फुटांच्या वर असताना ओढ्याचं तोंडच पाण्याखाली जातं, तेव्हा इथं पाऊस झाला तर पाणी जाणार कुठं? त्याला खाली झडपेचं दार लागतं, नदीचं पाणी आत येऊ न देणारं, आणि आतलं उचलून टाकायला पंप. ते एका लेआउटच्या आवाक्यातलं नाही, शहरानंच करायचं काम आहे आणि त्यासाठी आधी प्रत्येक ओढ्याच्या तोंडाची लेव्हल आयर्विनच्या फुटांशी जोडून कागदावर यायला हवी. कारण आयर्विनचा आकडा त्या पुलापाशीचा असतो, 50 फूट म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे त्यावरनं आपोआप कळत नाही. आम्ही आमच्यापुरतं केलं, 2019 ला पाणी जिथं थांबलं होतं ती खूण अजून एका भिंतीवर होती, तिथनं लेव्हल घेऊन प्रत्येक घराच्या जोत्यावर रंगानं आकडा लिहिला, त्या खुणेपासून वर किती, खाली किती.

दुसरी गोष्ट म्हणजे वरची बाजू. तिथं अजून चाळीसेक एकर रान शिल्लक आहे, ते भरायला लागलं की आमचा हिशोब पुन्हा बदलणार. आबांच्या मुलांनी पण त्यातली तीन एकर प्लॉटिंगला द्यायचं ठरवलंय, परवा मला बोलावलं होतं, डंपर बांधापर्यंत आलेले. आबा आता थकलेत, खुर्चीवर बसून होते, मला म्हणाले, "आता कुटनं सुरवात करणार?"

मी स्टाफ घेतला आणि त्यांच्या थोरल्या मुलाला गाडीवर बसवून खाली डीपी रोडच्या मोरीवर घेऊन गेलो. पहिलं रीडिंग तिथं घेतलं.